नव्या तलाठ्यांना काम शिकवायचंय. तुम्ही तुमचं काम कसं शिकलात?

काळीआई

नमस्कार मंडळी,

तलाठी म्हणून मला चौदा वर्षं झाली. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून 'तलाठीबाई' अशीच हाक येते आणि मलाही तीच जवळची वाटते. परवा तहसीलदार साहेबांनी बोलावून घेतलं. तालुक्यात गेल्या दीड-दोन वर्षांत नऊ जण नवीन आलेत. बहुतेक २०२३ च्या ४६४४ पदांच्या भरतीतले, दोघं अनुकंपावर लागलेले. साहेब म्हणाले, "मॅडम, दर बुधवारी दुपारनंतर यांना घेऊन बसा. सहा बुधवार देतो." मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत पोटात गोळा आला.

कारण मला कोणी शिकवलंच नव्हतं. हजर झाले त्याच दिवशी तीन गावांचा चार्ज मिळाला. आधीचे भाऊसाहेब बदलीच्या गावी जायच्या घाईत होते. दप्तराची यादी पुढे केली, मी सह्या केल्या. कुठला गाव नमुना, म्हणजे दप्तरातली कुठली नोंदवही, कशासाठी असते हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. कोतवाल मामा होते म्हणून तग धरला. सातबारा कुठल्या कपाटात, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचे उतारे) कुठल्या, कोणाचा बांधाचा वाद जुना आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं.

एक प्रसंग लिहिते, कारण तो अजून मनातून जात नाही. चौथ्या महिन्यात एक वारस नोंद धरली. वारलेल्या शेतकऱ्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन मुंबईला. मुलग्यांनी अर्जात तिचं नाव घातलं होतं, पण पत्ता दिला नव्हता. मी तिला नोटीस काढलीच नाही. चावडीवर प्रत लावली, पंधरा दिवस झाले, मंडळ अधिकाऱ्यांकडे मंजुरीला पाठवून मोकळी झाले. त्या नोंदीत तिचं नाव मालकांच्या रकान्याऐवजी 'इतर हक्कात' गेलं. दोन वर्षांनी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील झालं आणि नोंद रद्द झाली. त्या बाई कार्यालयात आल्या होत्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एक पत्र टाकलं असतंत तर मी आले असते." मला प्रशिक्षण मिळालं ते त्यानंतर, नोकरीला अडीच वर्षं झाल्यावर, पाच दिवसांचं. सर चांगले होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ पहिल्या कलमापासून समजावत होते. कलम १५० आलं, हितसंबंधितांना लेखी कळवायचं हे वाक्य आलं, आणि मी वही मिटली.

तर आता नऊ जण, सहा दुपारी. तुम्ही कुठल्याही सरकारी, निमसरकारी कामात असाल, मला सांगा: तुम्हाला खरं शिकवलं कोणी, कसं? काय चाललं आणि काय वाया गेलं?

बारनिशी

ताई, मी १९७९ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०१५ मध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पहिले सहा महिने मला आवक टपालाशिवाय दुसरं काही दिलं नाही. टपाल फोडायचं, पूर्ण वाचायचं, एका ओळीत विषय लिहायचा आणि ते कुठल्या टेबलाचं हे ठरवायचं. तेव्हा राग यायचा. पदवी घेऊन आलो आणि पाकिटं फोडतोय. आमचे वरिष्ठ रोज संध्याकाळी चुकीच्या टेबलावर गेलेल्या टपालाचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवत आणि विचारत, "हे तिकडे का पाठवलंत?" उत्तर द्यावं लागे. सहा महिन्यांनी मला कळलं की अख्ख्या कचेरीचं काम मी वाचून बसलोय. बिनशेती म्हणजे काय, कुळकायद्याची प्रकरणं कशी चालतात, अपील कुठून कुठे जातं, सगळं त्या पाकिटांतून आलं.

दुसरी गोष्ट सहा गठ्ठा पद्धतीची. नवीन पोरांना हे नुसतं भाषणात सांगून काही होत नाही. एका नव्या लिपिकाला मी त्याचंच कपाट रिकामं करायला लावलं. सगळ्या संचिका सतरंजीवर. मग प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या असे सहा ढीग त्याच्याच हाताने लावून घेतले. दोन दिवस गेले. पुढची आठ वर्षं त्या टेबलावर कागद हरवला नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी असताना कचेरीची मांडणी, अभिलेख, नागरिकांची ये-जा यात जे बदल झाले त्याला आम्ही 'लखीना पॅटर्न' म्हणतो. आमच्या पिढीला त्यातून हे कळलं की कार्यालय सुधारायचं तर ते टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातून सुधारतं.

आणखी एक जुनी गोष्ट सांगतो, ती या प्रश्नाच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली. जायलाच हवी होती, गावाचं दप्तर एका घराच्या कोनाड्यात राहणं बरोबर नव्हतं. पण त्या घरात मुलगा लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून दप्तर लिहायला शिकत असे. वतन गेलं, पगारी तलाठी आला, त्याच्याबरोबर दार सगळ्यांना उघडलं. पण शेजारी बसून शिकण्याची जी सोय गेली तिच्या जागी आपण पुरेसं काही उभं केलं नाही. तुमच्या बुधवारांकडे मी तसं पाहतो.

परिविक्षाधीन

ताई, मी तुमच्या नऊ जणांसारखाच. दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्याच भरतीतला. आमची परीक्षा शंभर प्रश्नांची, दोनशे गुणांची होती. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. त्यासाठी तीन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसलो. लिहिताना वाईट वाटतं, पण नोकरी लागली तेव्हा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. शिक्षणाने मी यांत्रिकी अभियंता.

हजर होऊन पाच आठवडे झाले आणि गारपीट झाली. पंचनाम्याला मी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत, खाली असेल तर नाही. शेतकरी बांधावर उभा आहे, त्याची बायको उभी आहे, आणि मला गव्हाच्या रानाकडे बघून ३० की ४० हे कळत नाही. माझ्या एका आकड्यावर त्यांचं वर्ष अवलंबून होतं. कृषी सहायक वयाने मोठे होते. ते म्हणाले, "बांधावरून बघू नका, बांधाकडचं पीक नेहमी वेगळं असतं. आत चला." मग रानात चार ठिकाणी थांबलो. प्रत्येक ठिकाणी मूठभर लोंब्या हातात घेऊन किती भरल्यात, किती झडल्यात ते मोजलं. पहिल्या दिवशी पाच शेतं झाली, तिसऱ्या दिवशी माझा अंदाज त्यांच्याशी जुळायला लागला. मला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण ते तीन दिवस. कागदोपत्री ते प्रशिक्षण नव्हतंच.

माझी विनंती एकच. त्या नऊ जणांना पहिल्या दिवशी सांगा की प्रश्न विचारला तर कोणी हसणार नाही. आम्ही घाबरून विचारत नाही.

खडूफळा

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, दोनशिक्षकी शाळा. आमच्याकडे प्रशिक्षणं कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. २०१९ ला निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, नंतर ते दीक्षा पोर्टलवर ऑनलाइन आलं. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण लिहिलंय. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी बारा वर्षांनी आणि निवडश्रेणीसाठी चोवीस वर्षांनी वेगळं.

वाया काय जातं ते सांगते. राज्यावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला (आसपासच्या शाळांच्या गटाला). वरून निघालेला पूर्ण घडा आमच्यापर्यंत येईस्तोवर ओंजळभर उरतो. सुलभकाला, म्हणजे शिकवायला आलेल्या प्रशिक्षकाला, स्वतःलाच ती गोष्ट वर्गात करून बघायला मिळालेली नसते, तो तरी काय करणार? तो पीपीटी वाचतो, आम्ही लिहून घेतो, शेवटी लिंक भरतो.

आमच्या केंद्रात एक प्रयोग मात्र मनापासून आवडला. महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी भाषणं बंद केली. ज्या शाळेत परिषद, त्या शाळेतल्या एका बाईंनी तिसरीच्या खऱ्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवायची आणि आम्ही बावीस जणांनी मागे बसून बघायचं. मुलं घरी गेल्यावर फक्त दोन प्रश्नांवर बोलायचं: कुठलं मूल कुठे अडकलं, आणि बाईंनी तेव्हा काय केलं? पहिल्या वेळी त्या बाई रडवेल्या झाल्या होत्या, सगळ्यांसमोर शिकवायचं म्हणून. चौथ्या परिषदेला लोक स्वतःहून नाव द्यायला लागले. हातच्याची वजाबाकी मी अठरा वर्षं शिकवतेय. दशकाचा गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने सोडल्याशिवाय पाटीवर यायचंच नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

काळीआई, तुमच्या नऊ जणांसमोर तुम्ही स्वतः एक नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून दाखवा. बोलू नका, करा.

सोनकी

मी तालुका न्यायालयात वकिली करते. वरच्या सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक विरोधी मुद्दा मांडते.

'शेजारी बसून शिकलो' यात सगळंच चांगलं शिकलं जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या वारस नोंदींच्या प्रकरणांत जे दिसतं ते असं: मोठ्या भाऊसाहेबांनी धाकट्याला सांगितलेलं असतं की बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची, किंवा 'आधी बहिणींचं हक्कसोडपत्र आणा, मग नोंद धरतो.' हे कुठल्या कायद्यात आहे? कुठल्याच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वर्ग एकची, म्हणजे मुलग्याइतक्याच हक्काची वारस आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सेदार) केलं, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात असायला हवेत अशीही अट नाही. तरी दप्तरात जुनी रीत चालूच आहे, कारण ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे शेजारी बसूनच गेली. कायद्याचं पुस्तक मधे आलंच नाही.

ताई, तुमच्या मुंबईच्या बाईंच्या प्रसंगात मला हेच दिसतं. तुम्ही अननुभवी होतात हे खरं. पण अनुभवी असतात तरी कदाचित तेच केलं असतंत, कारण गावात तशीच पद्धत होती. म्हणून आग्रहाने सांगते, वर्गात शिकवलेलं कायद्याचं ज्ञान कमी लेखू नका. ते पाच दिवस उशिरा आले हा दोष. ते आले हा दोष नाही.

काळीआई

सोनकी ताई, तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसले. खरं आहे. नाव 'इतर हक्कात' टाकायचं हे मला कोतवाल मामांनीच सांगितलं होतं. ते माझे गुरू, आजही पाया पडते. पण त्यांनाही ते असंच कोणीतरी सांगितलेलं. मी तो भाग वर लिहिताना माझ्या अननुभवावर ढकलला, तो तेवढाच नव्हता.

बारनिशी काका, कुलकर्णी वतनाचं कधी असं डोक्यात आलं नव्हतं. परिविक्षाधीन, 'कोणी हसणार नाही' हे मी पहिलं वाक्य म्हणून लिहून ठेवलंय.

पायवाट

मी आशा गटप्रवर्तक. माझ्याकडे बावीस आशा आहेत. या विषयावर आमच्या कामात एक चांगलं उदाहरण आहे म्हणून लिहिते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे देशभरातल्या आशांच्या घरोघरी भेटींचं प्रशिक्षण या कामाच्या पायावर उभं राहिलं. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण ज्या दाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करायचं? त्यांनी वाळूची घडी आणि मणी असलेलं साधं श्वासमापक बनवलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. बाईला बदलायच्या आधी साधन बदललं. आमच्या खात्यात एखादीला जमलं नाही तर 'हिला येत नाही' म्हणतात. तिथे त्यांनी विचारलं की हिला यावं म्हणून आपण काय बदलू?

आता माझं. नवी आशा आली की मी तिच्या पहिल्या भेटींना बरोबर जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी असतात. पहिल्या भेटीला मी करते, ती बघते. दुसऱ्या भेटीला ती करते, मी बघते आणि तोंड बंद ठेवते. हे तोंड बंद ठेवणं फार अवघड आहे. ताप बघायचा विसरली तर मी घरातल्यांसमोर बोलत नाही. बाहेर पडल्यावर रस्त्यात विचारते, "काही राहिलं का?" बहुतेक वेळा तिला स्वतःलाच आठवतं, मग आम्ही दोघी परत मागे फिरतो. गावातल्या बाईचा मान तिच्याच गावात गेला तर ती पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही.

हे सगळं करायला मला वेळ लागतो आणि त्या वेळेचा कुठे हिशेब नाही. अहवाल वेळेत गेला का हे विचारतात. नवीला शिकवलंस का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

टपालवाला

ऑनलाइन प्रशिक्षणाला सगळेच नावं ठेवतात म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी शाखा डाकघरात आहे. एकटा माणूस. मी गेलो तर ऑफिस बंद. आमच्या लोकांना प्रशिक्षण केंद्रात पाठवणं म्हणजे गावाची सोय बंद करणं, म्हणून वर्षानुवर्षं आमचा नंबरच लागत नसे.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कर्मचारी प्रशिक्षणाचं मिशन कर्मयोगी मंजूर केलं, सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ५१०.८६ कोटी. जून २०२२ मध्ये आमच्या खात्याचं डाक कर्मयोगी पोर्टल आलं. मी रात्री जेवल्यावर मोबाइलवर धडे केले. बचत योजनांचे नियम इतकी वर्षं मी अंदाजाने सांगत होतो. सुकन्या समृद्धीला मुलगी दहा वर्षांच्या आत हवी हे माहीत होतं, पण पैसे पंधरा वर्षं भरायचे आणि खातं एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, मधली सहा वर्षं काही भरावं लागत नाही, हे मी लोकांना नीट समजावू शकत नव्हतो. आता कागदावर रेघ ओढून दाखवतो. चार बायकांनी त्यामुळे खाती उघडली. काही जण व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र घेतात हे खरं. पण दूरच्या गावातल्या एकट्या माणसापर्यंत काहीतरी पोहोचलं, ते मला मोलाचं आहे.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय, मीही महसुलातच. आमच्याकडे सातबाराच्या जागी फॉर्म १ आणि १४. प्रशिक्षणं जुन्या गोव्यात एला इथे गिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत होतात. काळीआई, तुमच्याकडे नसलेली एक अडचण आमच्याकडे आहे. जुने कागद पोर्तुगीजमध्ये. ती भाषा वाचणारे कर्मचारी एकेक करून निवृत्त झाले. मी लागलो तेव्हा आमच्या खात्यात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या टेबलाशी उभं राहून मी पन्नास-साठ शब्द शिकलो: चतुःसीमा कशा लिहायचे, नारळाची बाग, भातशेती, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) यांचे शब्द. तेवढ्यावर माझं आजही निभावतं. ते गेले तेव्हा त्यांची वही कोणी जपून ठेवली नाही. तुमच्या जुन्या लोकांच्या वह्या आजच मागून घ्या.

बारनिशी

मांडवीकाठ, ही अडचण आमच्याकडेही आहे, लिपी वेगळी एवढंच. क.ड.ई. पत्रकं, पेरेपत्रकं अशी जमिनीची आणि पिकांची जुनी कागदपत्रं बरीच मोडी लिपीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणारे शोधावे लागले. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, पण महसुलातली किती मंडळी त्याला जातात? नवीन तलाठ्यांपैकी एकाला जरी गोडी लागली तरी त्याला जरूर पाठवा.

ताई, अजून एक. जुन्या सातबारावर 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं त्यांना नक्की दाखवा. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं आणि नव्या माणसाला वाटतं की मालक तोच. बाकीच्या भावांची पोरं दोन पिढ्या त्या तीन अक्षरांसाठी हेलपाटे घालतात. अशा नोंदीत मागचे फेरफार काढून वाचल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हे मला माझ्या साहेबांनी १९८४ साली शिकवलं.

परिविक्षाधीन

काका, ए.कु.मॅ. काय ते मला आत्ता कळलं. माझ्या सजात (माझ्याकडच्या गावांत) असे किमान सात-आठ उतारे आहेत. धन्यवाद.

एक विचारू का सगळ्यांना? आयएएस अधिकारी मसुरीला जातात, मग जिल्ह्यात प्रशिक्षण, दोन वर्षं त्यांना घडवतात. पोलीस शिपाई आधी प्रशिक्षण केंद्रात जातो, मग ठाण्यात. मग जो माणूस गावात शासनाचा चेहरा म्हणून बसतो, त्याला आधी चार्ज आणि मग कधीतरी प्रशिक्षण, हे असं का?

काळीआई

तुझा प्रश्न मला चौदा वर्षं पडलाय. धोरणात नाही असं नाही. राज्याचं प्रशिक्षण धोरण २०११ चं आहे, पायाभूत, पदोन्नतीनंतरचं, उजळणीचं, सगळं त्यात आहे. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात तर वेतनाच्या तरतुदीतले किमान २.५ टक्के प्रशिक्षणासाठी ठेवा असं म्हटलंय. यशदा आहे, नागपूरला वनामती आहे, दोन्ही सरकारी प्रशिक्षण संस्था. पण सजा रिकामा असतो. दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार आधीच एकाकडे असतो. माणूस आला की त्याला प्रशिक्षणाला पाठवण्याआधी खुर्चीत बसवायची घाई होते, कारण बाहेर लोक उताऱ्यासाठी उभे असतात. ती घाई मला समजते. पण आम्ही असे न शिकता बसलो त्याची किंमत बाहेर उभ्या असलेल्या त्याच लोकांनी मोजली.

काळीआई (पहिल्या बुधवारनंतर)

सांगितल्याप्रमाणे केलं, जसं झालं तसं लिहिते.

सभागृह घेतलं नाही. माझ्याच सजाच्या चावडीत सगळ्यांना बोलावलं. सतरंजी टाकली. एका बाजूला माझं दप्तर, मधे महसूल अधिनियमाचं पुस्तक. सोनकी ताई, तुमच्यामुळे नियम केला: मी जे सांगेन त्याचं कलम नऊ जणांपैकी कोणीतरी शोधून मोठ्याने वाचायचं. सापडलं नाही तर ते माझं मत, नियम नव्हे, असं वहीत लिहायचं. दोन तासांत माझी तीन वाक्यं 'ताईंचं मत' म्हणून लिहिली गेली. त्यातलं एक मी चौदा वर्षं नियम समजून करत होते.

खऱ्या अर्जावरून वारस नोंद धरून दाखवली. अर्ज, मृत्यू दाखला, सहा-क (वारसांची नोंदवही) मध्ये नोंद, वारसांची चौकशी, गाव नमुना सहा (फेरफारांची नोंदवही), नोटिसा, हरकत आली तर सहा-अ (वादातल्या नोंदींची वही). मग त्यांना मुंबईच्या बाईंची गोष्ट सांगितली, माझं चुकलं कुठे तेही. गोष्ट संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अनुकंपावरची मुलगी, जी आल्यापासून गप्प होती, तिने विचारलं, "मॅडम, पत्ता माहीत नसेल तर मी कोणाला विचारू?" तिथून पुढे अर्धा तास फक्त तिच्या प्रश्नांवर गेला. भाऊ पत्ता देणार नाहीत, मग कोण देईल? आई, मामा, शाळेचा दाखला, रेशन कार्डाची जुनी नोंद, शेजारची बाई. यादी त्यांनीच केली.

पायवाट

त्या मुलीला पुढच्या वेळी तुमच्या जागी बसवा. तुम्ही मागे बसा. आणि तोंड बंद!

काळीआई (तिसऱ्या बुधवारनंतर)

पायवाट ताई, बसवलं. अवघड गेलं मला, पण बसले.

आज प्रत्येकाला स्वतःचा सहा-क घेऊन यायला सांगितलं होतं आणि अजून प्रमाणित न झालेल्या नोंदी तपासायला लावल्या. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायच्या जिवंत सातबारा मोहिमेपासून वारसांचे अर्ज भरपूर आहेत. नऊ सजांत मिळून अकरा नोंदी अशा निघाल्या जिथे विवाहित मुलीचं नाव तरी नव्हतं, किंवा नाव होतं आणि नोटीस नव्हती. अकराही थांबवल्या. नोटिसा तिथेच बसून लिहिल्या, त्या मुलीने सगळ्यांच्या तपासल्या. मंडळ अधिकारी शेवटी येऊन बसले होते. त्यांनी त्यांच्याकडे आलेल्या दोन नोंदी आपणहून परत पाठवल्या.

टपालवाले दादा, तुम्हाला विचारायचंय. दोन पत्ते अर्धवट आहेत. एक 'भिवंडी, पॉवरलूमजवळ' एवढाच, दुसऱ्यात फक्त नवऱ्याचं नाव आणि गाव. अशी नोटीस पोस्टाने पोहोचण्याची काही शक्यता असते का, की आधी भिवंडीच्या तहसील कार्यालयामार्फत चौकशी करू?

टपालवाला

गाव असेल आणि ते लहान असेल तर नवऱ्याच्या नावावर पोस्टमन शोधतो, पाठवा. भिवंडीचं नुसतं तेवढ्यावर परत येईल. माहेरच्या कोणाकडून फोन नंबर मिळतोय का ते आधी बघा. नंबर मिळाला तर पाकिटावर पत्त्याखाली लिहा, आमचा माणूस फोन करतो. आणि परत आलेलं पाकीट फेकू नका, शेऱ्यासकट प्रकरणाला लावा.

काळीआई

मिळाला नंबर, मामेभावाकडून. उद्या टाकते.

पुढचा बुधवार पैसेवारीचा (गावचं पीक किती आलं ते ठरवण्याचा) आहे. रानात जाऊन पीक कापणी प्रयोग प्रत्यक्ष केलेलं कोणी इथे असेल तर तुम्ही प्लॉट कसा आखायचात ते लिहा ना. परिविक्षाधीन, तुझ्या कृषी सहायक साहेबांनाही विचारून बघ.